फ्रेमच्या बाहेरचं महाबळेश्वर

हेडफोन लावा, आज महाबळेश्वरला जाऊ. स्ट्रॉबेरी नंतर, आधी फोटो.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. इतिहासाची डिग्री वगैरे काही नाही. मागच्या हिवाळ्यात सकाळच्या धुक्यात होली क्रॉस चर्चचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, 'मिनी इंग्लंड'. साताऱ्याच्या आत्याचा लगेच मेसेज आला, "इंग्लंड कुठलं रे? ती जागा आपल्या महाराजांची." मी हसण्यावारी नेलं. मग वाचायला बसलो आणि आत्याच बरोबर निघाली.

गोष्ट अशी. 1824 मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी या डोंगरावर आला. इथली हवा साहेबलोकांना आवडली. तेव्हा हा मुलूख साताऱ्याच्या छत्रपती प्रतापसिंह महाराजांचा. 1829 मध्ये तह झाला. इंग्रजांनी वाईकडचं खंडाळा गाव महाराजांना दिलं आणि बदल्यात ही जागा घेतली. गव्हर्नर जॉन माल्कम, म्हणून वसाहत झाली माल्कम पेठ. दहाच वर्षांनी, 1839 मध्ये, त्याच इंग्रजांनी प्रतापसिंहांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. 1847 मध्ये ते तिथेच वारले.

आता माझा फोटो बघा. होली क्रॉस 1831 चं, म्हणजे अदलाबदलीनंतर फक्त दोन वर्षांनी. त्याच वर्षी सर सिडनी बेकविथ हे लष्करी अधिकारी इथे वारले, त्यांचा स्मारकस्तंभ गावात आहे. अँग्लिकन पंथाचं ख्राइस्ट चर्च 1842 चं. वाचनालयाचा फ्रिअर हॉल 1864 चा. चार तारखा लावल्या की गाव कसं वाढलं ते दिसतं.

पण सगळं फोटोत येत नाही. इथल्या तुरुंगात चिनी कैदी होते. बटाटे आणि भाज्यांचे मळे त्यांनी पिकवले. 1864 च्या सुमारास तो तुरुंग बंद झाला. त्यांचा स्तंभ कुणी उभारला नाही. जुन्या बंगल्यांचा जांभा दगडही सह्याद्रीचाच, विलायतेहून आलेला नाही.

जरा मेक्सिकोला जाऊ. मेक्सिको सिटीच्या मोठ्या कॅथेड्रलसाठी स्पॅनिश लोकांनी ॲझ्टेक देवळाचे दगड वापरले. बांधकाम 1573 ते 1813 चाललं. तिथे जुनं पाडून नवं उभं राहिलं. आपल्याकडे जुनं क्षेत्र महाबळेश्वर काही किलोमीटरवर तसंच राहिलं. कृष्णाबाईच्या काळ्या दगडी देवळात गोमुखातून पाणी आजही पडतं. म्हणून मी आता दोन्हीकडे जातो, एकाच दिवशी.

तुम्ही जाल तेव्हा एवढं करा. फोन वर तिरका धरू नका, मनोरा मागे पडल्यासारखा दिसतो. मागे सरका, फोन सरळ धरा. प्रार्थना चालू असेल तर आधी विचारा. दगडाच्या भेगा, शेवाळ, पाट्या जवळून टिपा. इथला पाऊस भिंती खातो, दहा वर्षांनी तोच फोटो पुरावा ठरेल. आणि तारीख लिहून ठेवा.

माझा फोटो अजून आहे, कॅप्शन बदललं. 'माल्कम पेठ, 1831. जागा : साताऱ्याच्या छत्रपतींकडून, खंडाळ्याच्या बदल्यात.' आत्याने अंगठा दाखवलाय.

तुमच्या गावातल्या जुन्या इमारतीची जागा आधी कुणाची होती? घरातल्या मोठ्यांना विचारा आणि मला कळवा. भेटू पुढच्या भागात!