जबाबदारीची शिकवणी

मुलांना विद्या देता येते. जबाबदारी देता येते काय, हा प्रश्न फार जुना आहे. विद्या गुरूपाशी असते आणि त्याच्या मनात आले तर ती तो शिष्याच्या ओंजळीत घालू शकतो. जबाबदारीचे तसे नाही. ती सांगून कळते, पण सांगून अंगी येत नाही. प्रत्येक पिढीतील वडीलधाऱ्यांना हा अनुभव आलेला आहे, आणि तरीही प्रत्येक पिढी सांगण्यावरच भिस्त ठेवीत आलेली आहे.

या प्रश्नाचा जाणूनबुजून, योजनापूर्वक विचार झाल्याचे एक ठळक उदाहरण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चरणात बडोद्यास घडले. शिकविणारा मराठी, शिकणारा मराठी, आणि स्थळ मात्र गुजरातेतले. नोकरीच्या निमित्ताने परमुलखात बिऱ्हाड थाटणाऱ्या आपल्यासारख्यांस ही हकीकत आपलीशी वाटावी, असे तिच्यात पुष्कळ आहे.

1875 साली बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांच्यावर रेसिडेंट कर्नल फेअर यांस विषप्रयोग करविल्याचा आरोप आला. चौकशीसाठी नेमलेल्या सहा जणांच्या मंडळात तीन इंग्रज सभासदांनी एक मत दिले व तीन हिंदी सभासदांनी दुसरे. तरीही सरकारने गैरकारभाराचे कारण दाखवून महाराजांस पदच्युत केले. गादी रिकामी झाली. खंडेराव महाराजांच्या विधवा पत्नी जमनाबाई यांस दत्तक घेण्याची परवानगी मिळाली, आणि नाशिक जिल्ह्यातील मालेगाव तालुक्याच्या कवळाणे गावातून काशीराव गायकवाड आपल्या आनंदराव, गोपाळराव व संपतराव या तीन मुलांना घेऊन बडोद्यास आले. तू येथे कशासाठी आलास, असे विचारल्यावर गोपाळरावाने ‘राज्य करण्यासाठी’ असे उत्तर दिले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती खरी असो वा मागाहून रचलेली असो, 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झाले आणि बारा वर्षांचा गोपाळराव सयाजीराव झाला. शेतकऱ्याच्या घरातल्या या मुलास तेव्हा अक्षरओळखही नव्हती.

याच सुमारास दिवाण म्हणून बडोद्यास आले राजा सर टी. माधवराव. 1828 साली कुंभकोणम येथे तंजावरी मराठी घराण्यात जन्मलेला हा पुरुष. त्यांचे वडील आणि चुलते दोघेही त्रावणकोरचे दिवाण होते. माधवराव प्रथम त्रावणकोरास गेले ते 1849 साली, तेथील राजपुत्रांचे शिक्षक म्हणून. पुढे ते त्याच संस्थानाचे दिवाण झाले. तेथून इंदूर आणि इंदुरावरून बडोदे. सारा जन्म दुसऱ्यांच्या राज्यांची घडी बसविण्यात गेला. परंतु त्यांच्या वाट्यास पुनःपुन्हा एकच काम आले, ते हे की आज अज्ञान असलेल्या मुलास उद्याच्या सत्तेसाठी तयार करणे.

रोजच्या अध्यापनाची व्यवस्था एफ. ए. एच. एलियट या सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकाऱ्याकडे होती. सोबतीच्या मुलांबरोबर बसून महाराज मराठी, गुजराती, इंग्रजी व उर्दू शिकले. मुळाक्षरांपासून सुरुवात असल्यामुळे वेळापत्रक कडक होते. सहा वर्षांत धुळाक्षरांपासून राज्यकारभारापर्यंत मजल मारायची होती.

1881 साली, मुखत्यारी मिळण्याच्या अगोदर, माधवरावांनी महाराजांपुढे राज्यधर्मावर व्याख्यानांची एक माला गुंफली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती छापलेली आहे. तिच्यात तत्त्वज्ञानाचा डौल नाही. प्रजेचे सुख हे राजाचे पहिले कर्तव्य, या पायावर सारी इमारत उभी आहे. पण इमारतीच्या विटा रोजच्या व्यवहारातल्या आहेत. घाईने वचन देऊ नये, खुशामतीस भुलू नये, काम तुंबू देऊ नये, वाड्यातील हुजऱ्यांना कारभारात तोंड घालू देऊ नये. या सर्वांहून महत्त्वाची शिकवण अशी, की राज्याचा वसूल ही राजाची खाजगी मिळकत नव्हे. दौलतीचा पैसा वेगळा आणि वाड्याचा पैसा वेगळा. ज्या दरबारात हा भेद पुसट झालेला होता, तेथे अठरा वर्षांच्या तरुणास तो समजावून देणे ही लहान गोष्ट नव्हती.

येथपर्यंत ही हकीकत सांगण्याची आहे. तिचा खरा कस लागला तो पुढे. 28 डिसेंबर 1881 रोजी सयाजीरावांस मुखत्यारी मिळाली. एक वर्षही पुरे उलटले नाही तोच, 1882 साली, माधवरावांनी दिवाणगिरी सोडली. गुरुशिष्यांत मतभेद झाले होते. स्वतः विचार करून निर्णय घ्यावा असे ज्याला शिकविले, तो स्वतः विचार करून निर्णय घेऊ लागला, आणि ते निर्णय गुरूच्या मनासारखे नव्हते. वरवर पाहता ही शिकवणीची फलश्रुती कडू वाटेल. मला मात्र ती शिकवणी पुरी झाल्याची खूण वाटते. आयुष्यभर बोट धरून चालणारा शिष्य हवा असणारा गुरू आज्ञाधारकपणा शिकवितो, जबाबदारी नव्हे. माधवराव बाजूस झाले, आणि चुकण्याचा अधिकारही शिष्याच्या हाती आला. एलियट साहेब मात्र राहिले. शिक्षकाच्या खुर्चीवरून उठून ते संस्थानच्या जमीन-पाहणीच्या कामास लागले. एकाच शिष्याने दोन गुरूंपैकी एकास निरोप दिला व दुसऱ्याकडून काम घेतले.

पुढच्या सत्तावन्न वर्षांतील सयाजीरावांच्या कारभाराकडे पाहिले म्हणजे, शिकलेला धडा ते इतरांस कसा देऊ पाहत होते, हे दिसते. 1893 साली त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 नंतर तो सर्व संस्थानभर नेला. मुलास शाळेत पाठविणे हे आईबापांवर कायद्याने बंधन झाले. पण त्या आधी शाळा काढणे हे सरकारने आपल्यावर बंधन मानले. बंधन दोन्ही बाजूंस होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या देतानाही त्यांची दृष्टी हीच होती. शिष्यवृत्ती ही खैरात नसून करार होता. 1913 साली भीमराव आंबेडकर या तरुण पदवीधरास न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा लेखी करार त्यांच्याकडून घेण्यात आला. तरुणाने आपली बाजू पाळली. 1917 साली, लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून, ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. पण त्या शहरात त्यांस राहण्यास जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काही दिवस काढले; ते उघडकीस येताच काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांस बाहेर काढले. त्या दिवशी बडोद्याच्या कामाठी बागेत ते कित्येक तास बसून होते आणि अखेर मुंबईची गाडी पकडून निघून गेले.

सयाजीरावांच्या चरित्रात हा प्रसंग सहसा चटकन ओलांडला जातो. तो ओलांडू नये. महाराज उदार होते, करार न्याय्य होता, तरुण कर्तव्यदक्ष होता. तरीही सारे निष्फळ झाले. कारण जबाबदारी ज्याच्यावर टाकली त्यास ती पार पाडण्यापुरती जागा देण्याची जबाबदारी कोणीच उचलली नाही. तरुणांच्या बेजबाबदारपणाविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्यांनी शब्द पाळला असता आपण आपला शब्द पाळला काय, हा प्रश्न त्या बागेतून आजही विचारला जात आहे.

या इतिहासाची आणखी एक बाजू आहे, ती महाराजांच्या स्वतःच्या घरातली. राजपुत्रांच्या शिक्षणात काही उणे नव्हते. विलायत-अमेरिकेतील नामांकित विद्यापीठे त्यांस मोकळी होती. परंतु फत्तेसिंगराव, शिवाजीराव आणि जयसिंगराव हे तिघे थोरले पुत्र अनुक्रमे 1908, 1919 व 1923 साली, पंचविशी ते पस्तिशीच्या दरम्यान, वडिलांच्या डोळ्यांदेखत गेले. 1939 साली महाराज वारल्यावर गादी नातू प्रतापसिंहराव यांच्याकडे आली. विलीनीकरणाच्या सुमारास संस्थानच्या राखीव निधीतून मोठ्या रकमा उचलल्याचा ठपका त्यांच्यावर आला. आणि 1951 साली, ज्यास राजकीय कारणेही होती, भारत सरकारने त्यांची राजा म्हणून असलेली मान्यता काढून घेतली. दौलतीचा पैसा वेगळा आणि वाड्याचा वेगळा, हा 1881 सालचा धडा त्याच वाड्यात दोन पिढ्यांनी विसरला गेला.

असे का व्हावे? कवळाण्याच्या मुलास वाड्याने शिकविले खरे, पण त्याआधी त्यास शेताने शिकविले होते. दाणा पेरला तर उगवतो, न पेरला तर उगवत नाही, हा हिशेब त्याने बारा वर्षे पाहिला होता. माधवरावांची व्याख्याने त्या तयार जमिनीत पडली. वाड्यात जन्मलेल्यांच्या वाट्यास व्याख्याने आली, जमीन आली नाही. जबाबदारीचे हे वैगुण्यच आहे की ती वारसाहक्काने मिळत नाही. घर, जमीन, नाव, फार काय गादीही बापाकडून मुलाकडे जाते. ही एकच मिळकत अशी आहे की जी प्रत्येकाने नव्याने मिळवावी लागते.

आपल्या घरांत गाद्या नाहीत. पण वाड्याची थोडी हवा सरकारी बंगल्यांतही असते. दाराशी शिपाई असतो, गाडी असते, आणि साहेबांचा मुलगा म्हणून लोक त्याचे काम त्याच्या आधी करून टाकतात. दर तीन वर्षांनी बदली होते, त्यामुळे एका गावात केलेल्या चुकीचे फळ भोगण्याआधीच मुलगा दुसऱ्या गावी पोहोचलेला असतो. अशा मुलास उपदेशाची वाण नसते. वाण असते ती खऱ्या कामाची. महिन्याच्या किराण्याचा हिशेब त्याच्याकडे द्यावा, आणि तो चुकला तर त्या महिन्याची ओढाताण साऱ्या घराने सोसावी. गावाकडच्या आजीस पत्र लिहिण्याचे काम त्याचे असेल, तर ते राहिल्यावर आईने गुपचूप लिहून टाकू नये. आणि कचेरीची गाडी शाळेच्या वाटेवर दिसू नये. दौलत आणि वाडा यांतील भेद मुलगा व्याख्यानातून शिकत नाही. बाप घरच्या पत्रासाठी कोणता कागद घेतो, यावरून शिकतो.

हे सारे करूनही फळाची हमी कोणी देऊ शकत नाही. माधवरावांस ती नव्हती, सयाजीरावांसही नव्हती. आपल्या हाती एवढेच, की काम सोपवावे, हिशेब मागावा, दिलेला शब्द आपणही पाळावा, आणि वेळ आली म्हणजे त्यांच्या वाटेतून बाजूस व्हावे. यांपैकी शेवटची गोष्ट वडीलधाऱ्यांस सर्वांत जड जाते, आणि ती टाळली तर आधीच्या तिन्ही व्यर्थ जातात.