ग्रनाश, द्राक्षमळ्यांची घराणी आणि गावाचे नाव : शातोनफ-द्यु-पाप, १९२३ ते १९३६

फ्रान्सच्या आग्नेय भागात, रोन नदीच्या डाव्या तीराकडे, ओरांज आणि आव्हिन्याँ या दोन नगरांच्या दरम्यान शातोनफ-द्यु-पाप हे गाव आहे. 'पोपचा नवा किल्ला' असा या नावाचा अर्थ होय. चौदाव्या शतकात पोपची गादी आव्हिन्याँ येथे असताना बाविसावे जॉन या पोपने येथे किल्ला बांधविला. तथापि गावाचे अधिकृत नाव १८९३ पर्यंत शातोनफ-काल्सेर्निए असे होते. ते तेथील चुन्याच्या भट्ट्यांवरून पडले होते. म्हणजे ज्या नावासाठी पुढे दहा वर्षे झगडा झाला, ते त्या वेळी अधिकृत नाव होऊन जेमतेम तीस वर्षे झाली होती.

येथील तांबड्या मद्याचा मुख्य आधार म्हणजे ग्रनाश ही द्राक्षजात. स्पेनमध्ये तिला गार्नाचा म्हणतात. ती उशिरा पिकते, उन्हाळा व अवर्षण सोसते, आणि तिच्या ताठ खोडामुळे मिस्त्राल नावाच्या जोरकस उत्तरी वाऱ्यापुढे टिकून राहते. तिचा वेल मांडवावर न चढविता बुटक्या झुडपासारखा राखतात. तिच्यात साखर भरपूर, त्यामुळे मद्यार्कही अधिक. परंतु तिची साल पातळ, रंग फिकट, आणि हवेच्या संपर्काने तिचे मद्य लवकर उतरते. हे उणेपण भरून काढण्यासाठी सिरा, मूर्वेद्र आदी जातींची तिला जोड दिली जाते. अशा मिश्र मद्याला द्राक्षाच्या जातीचे नाव शोभत नाही. त्याची ओळख केवळ गावाच्या नावावर उभी असते. ते नाव भ्रष्ट झाले की मळेवाल्याजवळ विकण्याजोगे काहीच उरत नाही.

ही वेळ प्रत्यक्षात आली होती. १८६० नंतरच्या दशकात फायलॉक्सेरा या मूळ पोखरणाऱ्या किडीने रोनच्या खोऱ्यातील मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन खुंटांवर कलमे बांधून लागवड पुन्हा उभी राहिली. परंतु मधल्या काळातील टंचाईने भेसळीला वाव मिळाला होता. १९०७ मध्ये शेजारच्या लांगदोक प्रांतात मद्योत्पादक शेतकऱ्यांचा जो प्रचंड उठाव झाला, त्यामागेही कोसळलेल्या भावांइतकाच भेसळीविषयीचा संताप होता. शातोनफच्या मद्याचे दुखणे दुहेरी होते. त्यातील बराच भाग पूर्वीपासून बर्गंडीच्या व्यापाऱ्यांकडे जाई व तेथील हलक्या मद्याला बळ देण्यात खपून जाई. उलट अन्य ठिकाणचे निकृष्ट मद्य शातोनफच्या नावाने बाजारात येई.

१९२३ मध्ये काही मळेवाले शातो फोर्तिया या मळ्याचे धनी बॅरन पिएर ल रुआ यांच्याकडे गेले. ल रुआ हे कायद्याचे पदवीधर व पहिल्या महायुद्धातील वैमानिक; विवाहसंबंधाने हा घराण्याचा मळा त्यांच्याकडे आला होता. त्यांनी नेतृत्व पत्करले ते एका अटीवर : दुसऱ्यावर फिर्याद करण्याआधी मळेवाल्यांनी स्वतःवर शिस्त लादून घेतली पाहिजे.

त्यानुसार नियम ठरले. ज्या रुक्ष जमिनीत लॅव्हेंडर व थाइम ही रानझुडपे उगवतात, तीच शातोनफच्या मद्याची जमीन मानावी. मान्य द्राक्षजाती व छाटणीची रीत ठरलेली असावी. मद्यार्क किमान १२.५ टक्के असावा. आणि वेचणीच्या वेळी सदोष द्राक्षे बाजूला काढणे सक्तीचे असावे. यांतील प्रत्येक नियमाने पहिला तोटा होणार होता तो नियम करणाऱ्यांचाच. न्यायालयात त्यांच्या मागणीला वजन आले ते बहुधा याच कारणाने.

ओरांज येथील न्यायालयात सुरू झालेला वाद १९३३ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयात मळेवाल्यांच्या बाजूने संपला. ३० जुलै १९३५ च्या हुकूमनाम्याने 'नियंत्रित मूळस्थान-नाम' ही पद्धती देशभर लागू झाली. १५ मे १९३६ रोजी ज्या पहिल्या काही नावांना तिचे संरक्षण मिळाले, त्यांत शातोनफ-द्यु-पाप होते. ही पद्धती चालविणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे अध्यक्षपद पुढे १९४७ पासून १९६७ पर्यंत ल रुआ यांच्याकडेच होते.

या नियमांनी काय बांधले, याइतकेच काय मोकळे ठेवले हेही लक्षात घेण्याजोगे आहे. १९३६ च्या नियमांत तेरा जाती मान्य झाल्या. मात्र त्यांचे परस्परप्रमाण ठरविलेले नाही. त्यामुळे रेनो घराण्याचे शातो रायास आपले तांबडे मद्य केवळ ग्रनाशचे करते, तर पेरँ घराण्याचे शातो द बोकास्तेल तेराही जाती लावते व मूर्वेद्रला ग्रनाशच्या बरोबरीने स्थान देते. दोन्ही मद्ये एकाच नावाची आणि दोन्ही अस्सल. सीमा गावाने आखली. त्या सीमेच्या आतील निवड घराण्यांकडे राहिली.

भौगोलिक नावांच्या संरक्षणाची ही कल्पना पुढे आंतरराष्ट्रीय करारांत आली. भारतात १९९९ चा भौगोलिक निर्देशनांचा कायदा २००३ पासून अंमलात आला, आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाची त्याखाली नोंदही झाली. अशी नोंद नावाला कायद्याचा आधार देते. त्या आधाराला मोल कशाने येते, हे शातोनफच्या मळेवाल्यांनी न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच दाखवून दिले होते.