उलट क्रमाने बसवा

जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार बाळगणाऱ्या मंडळींमध्ये एक वाक्य विनोद म्हणून फार प्रसिद्ध आहे. दुरुस्तीच्या पुस्तकात गिअरबॉक्स उतरवायची माहिती पानंच्या पानं दिलेली असते. कुठला बोल्ट आधी, कुठला नंतर, सगळं फोटोसकट. आणि परत बसवायचा कसा? तर एकच ओळ : काढताना जे केलंत ते उलट क्रमाने करा. झालं! गाडीखाली पाठीवर पडलेल्या, हात ग्रीसने माखलेल्या आणि दोन नट जास्तीचे उरलेल्या माणसाला ही ओळ वाचून काय वाटत असेल याची कल्पना करा.

पण या ओळीमागे इतिहास आहे, आणि तो आपल्या धंद्यातल्या, म्हणजे सॉफ्टवेअरवाल्या लोकांनीही वाचावा असा आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फेरारी येते आणि तिचा मालक स्वतः पाना हातात धरेल हे काही पटत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इंग्लंडमधली नेहमीची स्पोर्ट्स कार मात्र वेगळीच होती. दोन सीटा, कापडी छत आणि घरगुती गाडीतून उचललेलं इंजिन. १९५५ साली आलेल्या एमजीए या गाडीत बीएमसी कंपनीचं १४८९ सीसीचं बी-सिरीज इंजिन होतं. त्याच घराण्यातलं, तेवढ्याच सीसीचं इंजिन १९५९ पासून आपल्या अ‍ॅम्बेसेडरमध्ये बसू लागलं. म्हणजे लंडनच्या पोराची ऐटबाज गाडी आणि कलकत्त्याची टॅक्सी या चुलत बहिणीच म्हणायच्या!

अशी गाडी पाच-सात वर्षांनी सेकंडहँड बाजारात आली की विशीतल्या पोरांना परवडायची. परवडायची म्हणजे विकत घ्यायला. गॅरेजचं बिल भरायला नाही. त्यामुळे रविवारी स्वतः गाडी खोलणं हा छंद नव्हता, नाइलाज होता. छंद नंतर झाला.

आता या 'उलट क्रमा'ची पहिली गंमत. १९५७ साली कॉलिन चॅपमनच्या लोटस कंपनीने 'सेव्हन' नावाची गाडी काढली. त्या काळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स नावाचा जबरदस्त कर होता, पण सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. कर धरून तयार सेव्हनची किंमत १०३६ पौंड, आणि तीच गाडी सुट्या भागांत घेतली तर ५३६ पौंड. जवळजवळ अर्धी! साहजिकच लोक खोकी घरी आणून गाडी जोडायचे. पण नियमात अशी मेख होती की संचासोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. यावर लोटसने काढलेली पळवाट लोक अजून चवीने सांगतात. कंपनीने गाडी *खोलण्याच्या* सूचना दिल्या. ग्राहकाने त्या शेवटून सुरुवातीकडे वाचायच्या! कायद्यात खोलण्याबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं. १९७३ मध्ये परचेस टॅक्स जाऊन व्हॅट आला आणि ही सवलत संपली. त्याच वर्षी सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. ती गाडी संच म्हणून आजही मिळते.

पण लोटसच्या सूचना एका गाडीपुरत्या होत्या. 'खोलून दाखवणे' ही सबंध पद्धत ज्याने उभी केली त्या माणसाचं नाव जॉन हेन्स.

हेन्सचा जन्म १९३८ चा, सिलोनमधला. वडील चहाच्या मळ्यावर मॅनेजर. शाळेसाठी तो इंग्लंडला आला आणि केंट परगण्यातल्या सटन व्हॅलन्स शाळेत दाखल झाला. तिथे रग्बीऐवजी त्याचा जीव रमला तो एका जुन्या ऑस्टिन सेव्हनमध्ये. ही १९२२ पासूनची ७४७ सीसीची चिमुकली गाडी. तिची मूळ बॉडी काढून टाकायची आणि सांगाड्यावर स्वतःची हलकी स्पोर्ट्स बॉडी चढवायची हा तेव्हाच्या पोरांचा आवडता उद्योग होता. चॅपमननेही आपली पहिली गाडी अशीच बनवली होती. हेन्सने एक पाऊल पुढे टाकलं. गाडी कशी बनवली याची पुस्तिका त्याने स्वतःच तयार करून १९५६ साली विकायला काढली. २५० प्रती दहा दिवसांत खलास. वय वर्षं अठरा!

पुढे तो रॉयल एअर फोर्समध्ये गेला आणि १९६५ च्या सुमारास त्याची नेमणूक होती एडनला. एडन आपल्याला माहीत आहे ते वासुदेव बळवंत फडक्यांमुळे. १८८३ मध्ये त्यांचा अंत तिथल्या तुरुंगात झाला. १९३२ पर्यंत तर एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालायचा. तर या एडनमध्ये हेन्सच्या एका सहकाऱ्याने जुनी ऑस्टिन-हीली स्प्राइट विकत घेतली. अवस्था बेकार. मदतीला अर्थात हेन्स.

स्प्राइट ही १९५८ सालची गाडी. ९४८ सीसीचं इंजिन, ४३ हॉर्सपॉवर. बॉनेटवर दोन दिवे असे वर आलेले की इंग्लंडात तिचं नाव 'बेडूकडोळी' पडलं. स्वस्तात बसवायची म्हणून बाहेरून दाराला हँडल नाही, डिकीला झाकण नाही (सामान सीटच्या मागून आत सरकवायचं). पण एक गोष्ट मात्र दुरुस्तीवाल्याला वरदानच. बॉनेट आणि पुढची दोन्ही मडगार्डं मिळून एकच तुकडा, तो काचेच्या बाजूला बिजागरीवर उघडतो. उघडला की इंजिन, दोन्ही कार्बोरेटर, पुढची चाकं, सगळं समोर उघडं.

तरीही दोघे अडले. कारण कंपनीचं वर्कशॉप मॅन्युअल. ते लिहिलं होतं कंपनीच्या अधिकृत गॅरेजमधल्या प्रशिक्षित मेकॅनिकसाठी. त्यात गृहीत धरलेलं की तुमच्याकडे अमुक नंबरचं खास हत्यार आहे आणि तुम्हाला बाकीचं माहीत आहे. एडनमध्ये दोन पाने आणि एक हातोडी घेऊन बसलेला माणूस त्या लेखकाच्या डोळ्यांसमोर नव्हताच.

मग हेन्सने केलं काय, तर कॅमेरा आणला. इंजिन खोलताना पायरीपायरीला फोटो काढले, परत जोडताना नोंदी केल्या. त्यातून १९६६ मध्ये स्प्राइटवरचं पहिलं हेन्स मॅन्युअल निघालं. ३००० प्रती तीन महिन्यांच्या आत संपल्या. पुढे कंपनीचा शिरस्ताच झाला : ज्या गाडीवर पुस्तक लिहायचं ती आणायची, पूर्ण खोलायची, परत जोडायची, मग लिहायचं. जगभरात या मॅन्युअल्सच्या वीस कोटींहून जास्त प्रती खपल्या.

मला यात सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. हेन्सने नवीन ज्ञान शोधलं नाही. टॅपेटचं अंतर ०.०१२ इंच (साधारण ०.३ मिलिमीटर) ठेवा हे कंपनीच्या पुस्तकातही होतंच. बदलली ती लिहिणाऱ्याची जागा. कंपनीचा लेखक ड्रॉइंग समोर ठेवून लिहायचा, हेन्स गाडीशेजारी उभा राहून. गंजलेला बोल्ट पानं हलवू देत नाही, हात घालायला जागा नाही, स्प्रिंग उडून कोपऱ्यात जाते... हे ड्रॉइंगमध्ये दिसत नाही. आपल्याकडेही इन्स्टॉलेशन गाइड दोन प्रकारची असतात ना? एक डिझाइन पाहून लिहिलेली आणि एक कोऱ्या मशीनवर स्वतः सगळं करून लिहिलेली. कुठली चालते ते सांगायला नको.

अशा ज्ञानाचं एक सुंदर उदाहरण म्हणजे टॅपेटसाठी 'नवाचा नियम'. स्प्राइटच्या इंजिनात चार सिलिंडर, आठ व्हॉल्व्ह. अंतर मोजायचं ते व्हॉल्व्ह पूर्ण मिटलेला असताना. पण तो पूर्ण मिटलाय हे नवशिक्याने ओळखायचं कसं? सोपं आहे. पुढून आकडे घाला, एक ते आठ. इंजिन हाताने फिरवा. आठवा पूर्ण उघडला की पहिला तपासा. सहावा उघडला की तिसरा. बेरीज नऊ! पहिला आणि चौथा सिलिंडर, तसंच दुसरा आणि तिसरा, एकमेकांपासून बरोबर अर्ध्या आवर्तनावर असतात, म्हणून हे जमतं. कार्बोरेटरचंही तसंच. दोन्ही सारखी हवा ओढतात का हे बघायला महागडं यंत्र नको, रबरी नळीचा तुकडा पुरतो. एक टोक कानाला, दुसरं कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडे फुत्कार सारखाच ऐकू आला पाहिजे.

हा झाला सुवर्णकाळ. पण उगाच गळे काढायचे नाहीत मला. त्या गाड्यांना दर काही हजार मैलांनी हात लावावाच लागायचा. आजच्या गाड्या वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतात, आणि त्याचं बरंचसं श्रेय इलेक्ट्रॉनिक्सला आहे. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला ओबीडी-टू हे निदानाचं सॉकेट सक्तीचं झालं, तेव्हा तर वाटलं की आता गाडी स्वतःच आपलं दुखणं सांगेल. सांगतेही. पण किती सांगायचं आणि कोणाला, हे कंपनी ठरवते. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली तरी कॉम्प्युटरला तशी नोंद द्यावी लागते. बोल्ट तुम्ही सोडवाल हो, पण परवानगीचं काय? तिथे उलट क्रम चालत नाही.

जॉन हेन्स २०१९ मध्ये वारला. २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की नव्या मॉडेल्सवर यापुढे छापील मॅन्युअल निघणार नाहीत. दुसरीकडे, २०१२ मध्येच अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांनी मोठ्या बहुमताने वाहनदुरुस्तीच्या हक्काचा कायदा मान्य केला होता. आपल्याकडेही २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली आणि वर्षअखेरीस पोर्टल सुरू केलं. त्यात वाहनंही आहेत.

या भांडणात आपण बघे नाही, हे विसरून चालणार नाही. पूर्वी गाडीचं कुलूप लोहाराच्या हातचं असायचं, आता ते आपण लिहितो. कुठली माहिती मालकाला दाखवायची आणि कुठली फक्त 'ऑथराइज्ड' गॅरेजला, हा निर्णय शेवटी कुठेतरी एका इफ-एल्समध्ये उतरतो. ब्रेक, एअरबॅग, चोरी यांसाठी कुलूप हवंच, मान्य. पण प्रत्येक कुलपाला हे कारण खरंच लागू पडतं का, एवढं विचारायला काय हरकत आहे?

लोटसच्या त्या सूचनांमध्ये मला नुसती करचुकवेगिरी दिसत नाही. जी वस्तू खोलता येते ती जोडताही येते, आणि जी जोडता येते ती खऱ्या अर्थाने आपली होते. पावती काय, कोणीही देतं.

असो. टॅपेटचा नियम लक्षात ठेवा. बेरीज नऊ.