रमाबाईंचे पहिले भाषण

मार्च २०१२मध्ये झी मराठीवर ‘उंच माझा झोका’ सुरू झाली आणि तेजश्री वालावलकरची चिमुरडी रमा, पुढे स्पृहा जोशीची रमाबाई, घराघरांत पोचली. तिचा गुरू म्हणजे नवराच, न्यायमूर्ती रानडे. या जोडीचा माग काढत आपण मागे गेलो, तर वाट नाशिक जिल्ह्यातल्या निफाडला पोचते. १८ जानेवारी १८४२ रोजी माधवराव रानड्यांचा जन्म इथेच झाला. विधवाविवाहाचा हा पुरस्कर्ता १८७३ साली विधुर झाला आणि वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून त्याने अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता. शिकवणीला सुरुवात झाली ती अशी. मालिकेच्या गोडव्यात हे वयाचे गणित हळूच विरघळते.

१८७८च्या सुमारास रानडे नाशिकला बदलून आले. इथल्या शाळेतील एका समारंभात रमाबाई पहिल्यांदा सभेपुढे बोलल्या. भाषण रानड्यांनी लिहून दिले होते. आवाज तिचा, शब्द त्यांचे. शाबासकी त्यांच्याकडून मिळे, आणि मनाविरुद्ध वागले की शिक्षा म्हणून अबोलाही त्यांचाच. इंग्रजी शिकते म्हणून टोमणे मारणाऱ्या घरातल्या बायकांना पडद्यावर खाष्ट ठरवणे सोपे. त्यांच्या हाती मात्र कुणी पाटी दिली नव्हती. १८८२ साली पुण्यात आर्य महिला समाज काढणाऱ्या पंडिता रमाबाईंच्या सहवासात या शिष्येला दुसरा नमुना दिसला: विद्वान बाई, आणि तिला संस्कृत शिकवणारी तिची आई. नवऱ्यावाचूनही गुरुपरंपरा असू शकते, याचा हा पुरावा मालिकांना फारसा भुरळ घालत नाही.

१९०१मध्ये रानडे गेले. १९१०मध्ये रमाबाईंचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कॅथरिन गेट्स यांनी १९३८ साली केलेल्या इंग्रजी अनुवादाचे नाव ‘हिमसेल्फ’. आत्मकथा बाईची, मथळ्यात मात्र तो. मला यात अनुवादिकेचा खोडसाळपणा दिसत नाही, कारण मूळ पुस्तकातच रमाबाई स्वतःला मागे ठेवतात. मालिकेने हाच साचा उचलला आणि त्याची प्रेमकथा केली. आठवणींच्या आधीच, १९०९ साली, पुण्यात रमाबाईंची सेवासदन ही संस्था उभी राहिली होती. पुढे १९२०च्या सुमारास मुलींचे प्राथमिक शिक्षणही सक्तीचे करा, असा आग्रह धरून रमाबाई पुणे नगरपालिकेपुढे उभ्या ठाकल्या, तेव्हा रानड्यांना जाऊन दोन दशके होत आली होती आणि विरोधात टिळकपक्षाची मंडळी होती.