डोंगरउतारावरील लाकूडतोड व मातीची धूप

उताराच्या जमिनीवरील झाडे तोडून लाकूड खाली आणण्याचा खर्च आणि त्या कामामुळे वाहून जाणारी माती यांचा मेळ घालण्याचा वनव्यवस्थापनातील प्रश्न. कोल्हापूरच्या दक्षिणेचा कळंबा तलाव कात्यायनीच्या डोंगरांतून उतरणाऱ्या ओढ्यांवर भरतो. एकेकाळी त्याचे पाणी उताराने शहरातल्या ‘पाण्याचा खजिना’ या टाकीत येई. अशा तलावाच्या माथ्यावर सुटलेली माती तळाशी गाळ होऊन बसते आणि तेवढे पाणी साठायचे कमी होते.

दोष एकट्या कुऱ्हाडीचा नाही. झाड पडले तरी मुळे काही वर्षे माती धरून असतात. ऐन, जांभूळ अशा खोडाला धुमारे फुटणाऱ्या झाडांची मुळे तर जिवंतच राहतात. जास्त नुकसान होते ते ओंडके ओढण्याच्या वाटांनी आणि ट्रकसाठी काढलेल्या कच्च्या रस्त्यांनी. एकामागून एक ओंडका सरळ उताराने ओढला की पालापाचोळा खरवडला जातो, माती दाबली जाते, पाणी मुरत नाही. मृगाच्या सरींत त्या वाटेला ओघळ पडते, आषाढात तिचीच घळ होते. पण सरळ वाट जवळची, म्हणून ठेकेदाराला स्वस्त. उताराला आडवी वळवलेली वाट लांब पडते आणि मजुरी वाढते. वाचलेली ती मजुरी पुढे गाळ काढण्याच्या खर्चात निघते, आणि तो खर्च लाकूड विकणाऱ्याच्या हिशेबात कधीच धरला जात नाही. प्रश्नाचे मूळ इथे आहे.

उपाय फार महाग नाहीत. पावसाळ्यापूर्वी तोड थांबवणे, वाटेवर ठरावीक अंतराने आडवे चर खणणे, डहाळ्या न जाळता उघड्या मातीवर पसरणे, ओढ्याकाठची झाडे राखणे, एकाच वेळी सगळा उतार मोकळा न करणे. सलग समतल चर व दगडी बांध त्यानंतरचे.

खासगी मालकीच्या जमिनीवरही अनुसूचित झाडे तोडण्यास महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार परवानगी लागते. मात्र परवानगीसाठी झाडांची मोजणी झाली म्हणजे ओंडके ओढण्याच्या वाटेची पाहणी झाली असे नव्हे.

हा प्रश्न फक्त इथला नाही. न्यूझीलंडच्या गिझबर्न भागात 1988 च्या बोला चक्रीवादळानंतर धूप रोखण्यासाठीही पाइनची लागवड झाली. 2023 च्या गॅब्रिएल वादळात तिथल्या पाइनवनांच्या तोडीतून उरलेली लाकडे गाळासह नद्यांतून वाहत आली आणि पुलांना अडकली.

महाराष्ट्रात ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017 मध्ये सुरू झाली. तिच्यात तलावातली माती शेतकरी ट्रॉलीने पुन्हा रानात नेऊन पसरतात. डोंगरावरून ती खाली आली होती फुकट.