नुसतं चालायचं?

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. निमित्त झालं एका जुन्या मेलचं. पासवर्ड विसरलेलं एक खातं परवा उघडलं, आणि शोधत होतो विम्याची पावती, हाती लागलं भलतंच. फेब्रुवारी २०१२ मध्ये मी माझ्या मावसभावाला पाठवलेलं दोन ओळींचं उत्तर. लिहिलं होतं, "हा गेम नाही, स्क्रीनसेव्हर आहे. पैसे परत माग."

त्याचा मेल वर होताच. "दादा, हे खेळून बघ. फार तर दीड तास लागेल. संपलं की फोन कर."

फोन मी केला नव्हता. खेळलोही नव्हतो धड. वीस मिनिटं चालून कंटाळलो आणि उत्तर ठोकून दिलं.

आज ते वाचताना लाज वाटली, पण आधी गंमत वाटली. कारण ते वाक्य माझं नव्हतंच! त्या महिन्यात जगभर हजारो लोक नेमकं तेच म्हणत होते. म्हणून म्हटलं, त्या वाक्याचा इतिहास लिहावा. व्हिडिओ गेममध्ये रस नसलेल्या नातेवाईकांनी (आत्या, हे तुला उद्देशून) घाबरू नये, यात बंदूक नाही. बंदूक नाही म्हणूनच तर सगळं भांडण झालं.

गेमचं नाव 'डिअर एस्थर'. स्कॉटलंडच्या पश्चिमेला हेब्रिडीज नावाची बेटं आहेत, त्यांतल्या एका निर्मनुष्य, काल्पनिक बेटावर आपण उभे असतो. समोर पडकं दीपगृह, वारा, ओलं गवत, दूर डोंगरावर एका मनोऱ्याचा लाल दिवा लुकलुकतोय. आपण चालायचं. मधूनमधून एक पुरुषाचा आवाज एस्थर नावाच्या बाईला लिहिलेल्या पत्रांचे तुकडे वाचतो. हळूहळू कळतं की एस्थर अपघातात गेली आहे. बस. धावता येत नाही, उडी मारता येत नाही, वस्तू उचलता येत नाही, दार उघडता येत नाही. समुद्रात फार आत गेलात तर कुणीतरी कुजबुजत परत बोलावतं आणि तुम्ही पुन्हा किनाऱ्यावर. हरणं नाही, जिंकणंही नाही.

हे मुळात विकण्यासाठी केलेलं नव्हतं. इंग्लंडमधल्या पोर्टस्मथ विद्यापीठात डॅन पिंचबेक नावाचे एक प्राध्यापक नेमबाजीच्या गेम्समध्ये कथेचं काम काय असतं याचा अभ्यास करत होते. त्यांना प्रश्न पडला, या गेम्समधून नेमबाजी काढून टाकली तर उरतं काय? आता हा प्रश्न कागदावर सोडवता येत नाही. म्हणून सरकारी संशोधन निधीतून त्यांनी २००४ सालच्या 'हाफ-लाइफ २' या गाजलेल्या गेमच्या इंजिनावर एक प्रयोग रचला. अशा प्रयोगाला 'मॉड' म्हणतात. भांडी दुसऱ्याची, चूलही दुसऱ्याची, स्वयंपाक तेवढा आपला. २००८ मध्ये तो फुकट उपलब्ध झाला. आवाज नायजेल कॅरिंग्टनचा, संगीत जेसिका करीचं. आणि एक खुबी अशी, की पत्रांचे तुकडे दर खेपेला थोडे वेगळे निवडले जायचे. त्यामुळे दोन माणसं खेळली तर दोघांनी ऐकलेली गोष्ट तंतोतंत एक नसे. एस्थर नेमकी कोण, बोलणारा कोण, यावर वाद घालायला हे भरपूर होतं.

गंमत म्हणजे २००८ मध्ये भांडण फारसं झालं नाही. फुकट होतं ना! फुकटच्या वस्तूला कुणी 'हे काय आहे' असं दरडावून विचारत नाही. त्याच वर्षी बेल्जियममधल्या 'टेल ऑफ टेल्स' या जोडीनं 'द ग्रेव्हयार्ड' काढला होता. एक म्हातारी दफनभूमीत चालत जाते, बाकावर बसते, उठून परत येते. चाचणी आवृत्ती फुकट, पैसे भरून घेतलेल्या आवृत्तीत एवढाच फरक, की म्हातारी मरूही शकते. यावर लोक हसले, चिडले, आणि विसरले.

मग रॉबर्ट ब्रिस्को हा कलाकार आला. त्यानं ते बेट जवळजवळ नव्यानं घडवलं, प्रत्येक खडक, प्रत्येक गवताची काडी. त्यातल्या गुहा बघाव्यात, निळ्या-हिरव्या उजेडात न्हालेल्या. १४ फेब्रुवारी २०१२ ला हा नवा 'डिअर एस्थर' विक्रीला आला, किंमत दहा डॉलर. 'इंडी फंड' या छोट्या गेम्सना पैसा पुरवणाऱ्या मंडळींनी गुंतवलेली रक्कम सहा तासांच्या आत वसूल झाली. पहिल्या चोवीस तासांत सोळा हजार प्रती खपल्या. त्याच वर्षी स्वतंत्र गेम्सच्या महोत्सवात दृश्यकलेचं पारितोषिकही मिळालं.

आणि मग सुरू झालं! 'हा गेम आहे का?'

इथे जरा दोन वर्षं मागं जायला हवं. एप्रिल २०१० मध्ये रॉजर इबर्ट या अमेरिकेतल्या नामवंत चित्रपट समीक्षकानं लिहिलं होतं की व्हिडिओ गेम ही कला कधीच होऊ शकणार नाही. त्यावर खेळणारी मंडळी (मीही त्यात होतो) अशी काही खवळली की विचारू नका. आणि त्याच आम्ही, दोन वर्षांनी, कुणीतरी खरोखरच कलेच्या वाटेनं गेल्यावर म्हणालो, "छे, हा गेमच नाही." म्हणजे दिवाणखान्यात जागा हवी म्हणून भांडायचं, आणि आत घेतल्यावर एक भाऊ शांत बसला म्हणून त्याला घराबाहेर काढायचं.

पण सगळ्या तक्रारी एका मापानं मोजू नयेत. नीट पाहिलं तर तीन वेगवेगळी माणसं बोलत होती. एकाचं म्हणणं, माझ्या हाताला काम नाही, मग मी सिनेमा का पाहू नये? याला उत्तर देता येतं. कुठे थांबायचं, कुठे वळून बघायचं हे आपण ठरवतो, आणि सिनेमात ते दुसरं कुणी ठरवतं. दुसरा म्हणे, चाल फार मंद आहे, आणि चुकीच्या वाटेनं गेलं की तेवढंच मंद परत यायचं. हे शंभर टक्के खरं आहे, मीही वैतागलो होतो. तिसरा म्हणे, निवेदन फार अलंकारिक आहे, साधं बोलत नाही. त्याच्याशीही मी निम्मा सहमत आहे. पण या तिघांच्या मागे एक चौथा उभा होता, आणि त्याचा आवाज सगळ्यांत मोठा. त्याला गेम आवडला नाही एवढ्यावर तो थांबत नव्हता, ज्यांना आवडला ते ढोंगी आहेत हे त्याला सिद्ध करायचं होतं. 'वॉकिंग सिम्युलेटर' हा शब्द याच वातावरणात शिवीसारखा वापरला जाऊ लागला. चालण्याची नक्कल करणारं यंत्र. आहे काय त्यात, चालायला तर घराबाहेरही जाता येतं की!

(आपल्याकडे शतपावलीला कुणी असं विचारत नाही, की शंभर पावलं चाललात, जिंकलात काय? असो.)

खरी आग लागली ती पुढच्या वर्षी. ऑगस्ट २०१३ मध्ये 'गॉन होम' आला. साल १९९५, अमेरिकेतलं ऑरेगन, पावसाळी रात्र. थोरली मुलगी युरोपातून परतते तर नव्या घरात कुणीच नाही. खोल्या धुंडाळायच्या, चिठ्ठ्या वाचायच्या, कॅसेट लावायच्या, आणि धाकट्या बहिणीचं काय झालं ते शोधायचं. सगळं वातावरण भुताच्या गोष्टीचं आणि भूत कुठेच नाही. असते ती धाकटीची प्रेमकहाणी, दुसऱ्या एका मुलीवरची. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. खेळणाऱ्यांत उभी फूट पडली. वीस डॉलर आणि दोन तास, हे गणित बऱ्याच जणांना झेपलं नाही, आणि खरं सांगायचं तर विद्यार्थ्याच्या खिशातून बघितलं तर ती तक्रार रास्तच होती. पण पैशाच्या तक्रारीच्या आडून दुसरंही बरंच बोललं गेलं. गोष्ट कुणाची आहे, यावर राग होता.

नोव्हेंबर २०१३ मध्ये स्टीम या दुकानात गिऱ्हाइकांना परीक्षणं लिहिता येऊ लागली, फेब्रुवारी २०१४ पासून गेमला स्वतःच्या मनाची लेबलं चिकटवता येऊ लागली. 'गॉन होम'ला लोकांनी लगेच लेबल लावलं, 'गेम नाही'. दुकानातल्या डब्यावर गिऱ्हाइकानं येऊन 'ही साखर नाही' असं लिहून जावं तसं. मग जून २०१५ मध्ये पैसे परत मिळण्याची सोय आली. चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर. सोय चांगलीच, पण दीड तासात संपणाऱ्या गेमच्या कर्त्याच्या जागी उभं राहून बघा. पूर्ण जेवून, बोटं चाटून, ताट परत करता येईल असा तो नियम. (आणि माझा २०१२ मधला सल्ला, 'पैसे परत माग', किती पोकळ होता तेही यावरून दिसतं. तेव्हा तशी सोयच नव्हती.)

त्याच २०१५ मध्ये टेल ऑफ टेल्सचा 'सनसेट' आला. महिन्याभरात चारएक हजार प्रती गेल्या आणि दोघांनी बाजारासाठी गेम करणं थांबवलं. म्हातारीला दफनभूमीत चालवणारे ते हेच. मला त्याची बातमी वाचून वाईट वाटलं, पण प्रत मी घेतली नव्हती. वाईट वाटणाऱ्यांतले बरेच माझ्यासारखेच असणार.

पुढचं भराभर सांगतो. २०१६ मध्ये 'फायरवॉच' आला, जंगलातल्या टेहळणी मनोऱ्यावरचा एकटा माणूस आणि वॉकीटॉकीवरची बाई. शेवट अनेकांना फुसका वाटला, मला तो आवडला, कारण आयुष्यातली गूढं बहुधा तशीच फुसकी निघतात. 'डिअर एस्थर'च्याच मंडळींच्या 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर'ला त्याच वर्षी संगीतासह तीन बाफ्टा मिळाले. २०१८ मध्ये तर 'व्हॉट रिमेन्स ऑफ एडिथ फिंच'ला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा! आणि २०१९ मध्ये हिदेओ कोजिमासारख्या बड्या माणसानं 'डेथ स्ट्रँडिंग' काढला, पाठीवर ओझं घेऊन डोंगर तुडवायचे. लोकांनी पुन्हा तीच शिवी काढली, पण एव्हाना तिची धार गेली होती. आज स्टीमवर 'वॉकिंग सिम्युलेटर' हा चक्क एक विभाग आहे, आणि लोक तो हौसेनं शोधतात.

आता मावसभावाचं.

मावशी गेली जानेवारी २०१२ मध्ये. तो तेव्हा बंगळुरात नोकरीला, पोहोचेपर्यंत उशीर झालेला. बारावं-तेरावं उरकून परत गेला आणि महिन्याभरात मला हा मेल. तेव्हा स्टीमवर रुपयांत किंमत नसे, मित्राच्या कार्डावरून पाचएकशे रुपये देऊन त्यानं तो घेतला होता. एक माणूस बेटावर एकटा चालतोय आणि गेलेल्या बाईशी बोलतोय, आणि ते तो मला दाखवू पाहत होता. 'संपलं की फोन कर.' यातलं मला काही म्हणता काही दिसलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की उडी मारता येत नाही.

मेल सापडला त्या रात्री गेम पुन्हा उतरवून घेतला. बाबा सध्या आमच्याकडेच आहेत. खुब्याचं हाड मोडल्यापासून वॉकर धरून हॉलपर्यंत येतात तेवढंच. आयुष्यभर मोजणी खात्यात होते, साखळी आणि नकाशे घेऊन अर्धा जिल्हा पायाखाली घातलेला माणूस. शेजारी येऊन बसले.

"काय करायचं यात?"

"काही नाही बाबा. नुसतं चालायचं."

"मग दे इकडे."

माऊस त्यांना जमेना. शेवटी कीबोर्डवरचं एक बटण ते दाबून धरत, म्हणजे पाय त्यांचे, आणि मान मी वळवायची. मी वळवली की ओरडत, "अरे थांब, तो उतार बघू दे." दीपगृहामागच्या पायवाटेवर म्हणाले, ही माणसांनी पाडलेली नाही, मेंढ्यांची वाट आहे. थोड्या वेळानं निवेदकानं बेटावरच्या मेंढपाळाचा विषय काढला तेव्हा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू सरकारी मोजणीला दुजोरा मिळाला. निवेदकाबद्दलचं मत मात्र प्रतिकूल. "माणूस दुःखात आहे हे कळलं. पण जरा गप्प बसला तर वारा ऐकू येईल."

मंद चालीची तक्रार त्यांनी केली नाही. उलट एका चढावर बटण सोडून दिलं. म्हटलं, काय झालं? म्हणाले, "दम घेतो."

तीन रात्री लागल्या आम्हाला. शेवट सांगत नाही. संपल्यावर बाबा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग विचारलं, "हे तुझ्याकडे आलं कुठून?" मी सांगितलं, सगळंच सांगितलं. त्यांनी काही मत दिलं नाही. वॉकर ओढून घेतला आणि झोपायला गेले.

मग मी त्या जुन्या मेललाच उत्तर लिहिलं. इतक्या वर्षांनी, त्याच विषयाच्या ओळीखाली. खेळलो, संपवलं, तेव्हा फोन केला नाही ते चुकलं, आता करू का? आणि बाबांबरोबर खेळलो हेही लिहिलं.

अर्ध्या तासात उत्तर आलं. "कर की. पण आधी सांग, मनोऱ्याच्या टेकडीवर काकांना किती वेळ लागला?"

पाऊण तास, मी कळवलं. मध्ये चहाला थांबले होते.