उर्सुला के. ले ग्विन : स्वतःच्या लेखनाचे पुनर्वाचन

उर्सुला के. ले ग्विन (१९२९–२०१८) या अमेरिकन लेखिकेच्या विज्ञानकथेचा पाया भौतिकशास्त्रापेक्षा मानववंशशास्त्रात अधिक आहे. त्यांचे वडील आल्फ्रेड क्रोबर कॅलिफोर्नियातील आदिवासी समाजांचे ख्यातनाम अभ्यासक होते. 'द लेफ्ट हँड ऑफ डार्कनेस' (१९६९) या कादंबरीतील गेथेन ग्रहावरील माणसांना स्थायी लिंगभेद नाही. तरीही त्यांच्यासाठी लेखिकेने पुल्लिंगी सर्वनामच योजले. स्त्रीवादी समीक्षकांनी यावर आक्षेप घेतला. (मराठी अनुवादकाची अडचण तर याहून मोठी, आपल्याकडे क्रियापदही लिंग सांगते.) १९७६ च्या एका लेखात त्यांनी या निवडीचे समर्थन केले. पुढे मत बदलले, तेव्हा तो लेख मागे न घेता १९८७ मध्ये त्यांनी त्यालाच स्वतःची खंडनात्मक टिपणे जोडली. विचारांच्या इतिहासाच्या अभ्यासकाला असा पुरावा क्वचितच लाभतो.

'अर्थसी' या अद्भुतकथामालेतही त्यांनी हीच रीत अवलंबिली. पहिल्या तीन कादंबऱ्यांत (१९६८–७२) श्रेष्ठ जादूविद्या ही पुरुषांची मिरास होती. 'तेहानू' (१९९०) मध्ये आधीचे काहीही न पुसता तेच जग तेनार या विधवेच्या घरातून दिसते. महाजादूगार गेड तेथे परततो, तो आपली सारी शक्ती गमावून.